कर्ण्याची वायर

पत्रावर सही कुठं करायची ती जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवली होती. प्रेरणाला पहिला राग आला तो त्या फुलीचाच. वाचायची तसदी घेऊ नका, फक्त पेन टेकवा, असं ती फुली सांगत होती.

"परवा संचालक मंडळाची बैठक आहे, मॅडम," मुख्य व्यवस्थापक चष्मा पुसत म्हणाले. "त्याआधी विभागप्रमुखाची शिफारस जोडावी लागते. नुसता उपचार आहे हो."

तिनं पत्र वाचलं. पाली केंद्रावरील ऑपरेटर अजहर मुलाणी याने हलगर्जीपणे यंत्राचा वीजपुरवठा बंद केल्याने नोंदींचे नुकसान झाले, सबब त्यास सेवेतून कमी करण्यात यावे. खाली तिचं नाव टाईप करून तयार. प्रेरणा कोंढाळकर, प्रमुख, संगणक व नेटवर्क विभाग, गुंजवणी खोरे दूध संघ, भोर.

विभाग म्हणायचा तो कागदावर. प्रत्यक्षात ती एकटी. शिवरे, आंबवडे, पाली अशी गावोगाव पसरलेली संघाची केंद्रं, प्रत्येक केंद्रावर एक कॉम्प्युटर, आणि त्या सगळ्यांना भोरच्या ऑफिसाशी बांधून ठेवणारं जाळं तिच्या जिवावर चालायचं. कुठं टेलिफोनच्या तारेवरून, कुठं गच्चीवरच्या छत्रीतून. उंदरानं वायर कुरतडली की फोन तिला, माकडानं छत्री फिरवली की फोन तिला. सगळं नीट चाललेलं असलं की मात्र ती कुणाला दिसायची नाही. त्याचं तिला काही वाटत नसे. तिचे वडील ज्ञानूबुवा आंबवड्याचे मृदंगी, पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की पखवाज त्यांचा. ते सांगायचे, हात बरोबर पडला तर लोक बुवांची वाहवा करतात, चुकला तरच मृदंग्याकडं बघतात. आपण बघू द्यायचं नाही.

आता लोकांनी बघितलं होतं, आणि ते अजहरकडं बघत होते.

पालीचा कॉम्प्युटर सोमवारी संध्याकाळी नोंदी पाठवता पाठवता धाडकन बंद पडला होता. भोरला पोचल्या त्या अर्धवट, मागं राहिल्या त्या मोडलेल्या. खोऱ्यातल्या कुठल्या घरानं किती दूध घातलं, कसं घातलं, सगळ्याचा चुरा.

"त्यानं बंद केला असं म्हणतंय कोण?"

"सावळारामअप्पांनी स्वतः कळवलंय. पालीचेच आहेत, संचालक आहेत."

"अप्पा तिथं होते त्या वेळेला?"

"मॅडम, तुम्ही काय फौजदार आहात का?" व्यवस्थापक हसले. "एक ऑपरेटर जाईल, दुसरा येईल. तुम्हाला मी चांगला शिकलेला देतो."

"शिकवलेला मीच आहे तो. केंद्रावरचं मशीन मी बघून येते, मग सहीचं बघू."

"अहो, उद्या तिथं सप्ताहाची समाप्ती. काल्याचं कीर्तन. अप्पा त्यात गुंतलेत."

"मला अप्पा बघायचे नाहीत, साहेब. मशीन बघायचंय."

पत्र तिनं घडी करून पर्समध्ये टाकलं. जिना उतरताना लक्षात आलं की आपण दात आवळून धरलेत. वडील असते तर म्हणाले असते, पोरी, जबड्यात ठेका धरू नये, हातात धरावा.

सकाळी संघाचा रिकामा टँकर पालीकडं निघतो, त्यात ती ड्रायव्हर गेनूशेजारी जाऊन बसली. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं, रस्ता डोंगराकडं वळला तसं गेनूनं तोंड उघडलं.

"अजहरला काढत्यात म्हनं."

"तुला कुणी सांगितलं?"

"टँकरला सगळं कळतं, मॅडम. दूध आन् बातमी, दोनीबी नासायच्या आत पोचवावं लागतंय." त्यानं गिअर टाकला. "गरीब हाय वो पोरगं. बायांच्या दुधात पानी निघालं तरी हळूच सांगनार, मावशी, आज म्हशीला जास्त तहान लागली व्हती का. काढायचंच आसंल तर मला काढा की. मी तर रोज शिव्या देतो."

प्रेरणाला हसू आलं आणि लगेच गेलं.

"पन यंदा सप्ता लई जोरात," गेनू पुढं म्हणाला. "भारनियमन सगळ्या तालुक्याला, लाईट जाती सकाळी दहाला आन् परत सांजच्याला, पन पालीचा कर्ना काय थांबत न्हाई. मार्गासनीपर्यंत ऐकू येतोय. लोक म्हनत्यात अप्पांनी काय सोय केलीया, देवालाबी कळंना."

प्रेरणानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "कसली सोय?"

"ते मला काय ठावं? जनरेटर म्हनावा तर आवाज न्हाई."

मार्गासनी गेल्यावर राजगडाचं टोक दिसायला लागलं, आणि खरंच, टँकरच्या घरघरीवरून कर्ण्याचा आवाज येऊ लागला. टाळ, मृदंग आणि हरिनाम. लहानपणापासून या आवाजानं तिचा जीव शांत व्हायचा. आज पहिल्यांदा तो आवाज तिला नकोसा झाला, आणि ते ज्या माणसामुळं झालं त्याचा तिला असा राग आला की पर्सचा पट्टा तिनं मुठीत पिळून धरला.

पालीत भैरवनाथाचं देऊळ आणि दूध संघाचं केंद्र यांच्यात एकच भिंत. देवळासमोर मंडप, मंडपाला पताका. केंद्राच्या पायरीवर अजहर बसलेला. तो या गावचाच, मुलाण्याचं गावात एकच घर. तिला बघून उठला, विजारीची धूळ झटकली.

"बाहेर का बसलायस?"

"किल्ली घेतली, मॅडम. अप्पांच्या माणसानं."

तिनं आपल्याकडची किल्ली काढली आणि दार उघडलं. आत कोंदट वास होता, आणि त्यात उदबत्तीचा. कॉम्प्युटर टेबलावर मुका. टेबलाखाली यूपीएसचा मोठा डबा, लाईट गेली तर कॉम्प्युटरला थोडा वेळ धरून ठेवणारा, म्हणजे तेवढ्यात माणसानं चाललेलं काम जतन करून मशीन रीतसर बंद करावं. त्या डब्याला हळदकुंकू लावलं होतं. वर झेंडूचं फूल. आणि मागच्या बाजूनं एक जाडजूड पिवळी वायर निघून, खिडकीची जाळी कापून, भिंतीपलीकडं मंडपात गेली होती.

प्रेरणा खाली बसली. डब्याचं झाकण तिनं पेचकसनं उघडलं. आतल्या बॅटऱ्यांची पोटं फुगायला लागली होती. हात लावला, गरम.

"कर्णा यावर चाललाय?"

"कर्णा, माईक, देवापुढचे दोन फोकस."

"कुणी जोडलं?"

"अप्पा वायरमनला घेऊन आले. सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी."

"आणि तू बघत बसलास?"

अजहरनं मान वर केली. "मी म्हणलं, अप्पा, ही बॅटरी मशीनपुरती आहे. एवढं ओढायची नाही. ते म्हणले, सात दिवस वीणा खाली ठेवत न्हाईत, आन् तुझ्या मशीनपायी आवाज खंडू द्यायचा? देवाच्या नावात खंड पडला तर डोक्यावर घेतोस का?"

"मग?"

"मग काय, मॅडम. कर्ण्याची वायर काढा, हे मी सांगायचं? अजहर मुलाणीनं? सप्ताहात?"

प्रेरणानं पेचकस जमिनीवर आपटला.

"मला फोन करायचास."

"केला असता तर तुम्ही हुकूम दिला असता, काढ म्हणून. काढली असती कुणी? मीच ना." तो खिडकीतून मंडपाकडं बघत म्हणाला. "आजोबांपासून सप्ताहाच्या सतरंज्या आमच्या घरातून जातात. यंदाबी गेल्यात. अम्मी म्हणली, नोकरी जाऊ दे, पण सप्ताह होईस्तोवर तोंड उघडू नकोस. सोमवारी लाईट गेली तवा मी नोंदी पाठवत होतो. दर वेळेला बॅटरीवर भागतं. त्या दिवशी कर्ण्यानं ओढून दाब पडला; कर्णा नुसता खरखरला, मशीन डोळ्यासमोर मेलं. मी बटणालासुद्धा हात लावला नव्हता."

ती उठली. तिचे हात काळे झाले होते, ते तिनं ओढणीला पुसले.

"वायर काढू?" अजहरनं विचारलं.

"तू हात लावू नको. कुणीच लावू नको. आहे तशी राहू दे."

मंडपात काल्याच्या कीर्तनाची तयारी झाली होती. कीर्तनकार बुवा आळंदीहून आलेले, पांढरा फेटा, खुर्चीवर डोळे मिटून बसलेले. टाळकरी दोन रांगांत उभे. आणि मधोमध, माईकपासून हातभर, गळ्यात वीणा घालून सावळारामअप्पा.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, उभ्यानं. जो घ्यायला येतो तो आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मगच वीणा त्याच्या गळ्यात येते. दुसरा पाया पडेपर्यंत पहिल्याची सुटका नाही. आणि वीणा गळ्यात आहे तोवर तो माणूस कुणीही असो, धाकटा असो, भांडलेला असो, येणारा जाणारा त्याच्या पायावर डोकं ठेवतो. पालीत काल्याआधीचा पहारा मानाचा, आणि यंदा तो अप्पांचा होता, कारण मंडप त्यांनी घातला होता. त्यांच्यानंतर वीणा चिमाजीबाबांकडं जायची. बाबा खोऱ्यातले सगळ्यात जुने टाळकरी, कमरेत वाकलेले, ज्ञानूबुवांचे जन्माचे सोबती.

प्रेरणा बायकांच्या बाजूला गेली. फुलाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं सरकून जागा केली.

"ये गं बाय. ज्ञानूबुवांची न्हवं तू? कॉम्पुटरवाली?"

"व्हय, मावशी."

"आमच्या दुधाचं काय झालं म्हनायचं? मुलान्याच्या पोरानं समदं पुसलं म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"आता गाव म्हनतंय," फुलाबाई म्हणाली. "अप्पा म्हनलं, मंग गाव म्हनलं."

तेवढ्यात लाईट गेली. मंडपातले पंखे गरगरत मंदावले आणि थांबले. देवळातला दिवा विझला. गावातल्या गिरणीचा आवाज बसत बसत बंद झाला. पण कर्णा तसाच चालू, रामकृष्णहरीचा गजर तसाच, आणि फोकसचे दोन झोत देवाच्या मुखावर तसेच.

"बगा अप्पांची करनी," पुरुषांतून कुणी तरी म्हणालं. लोक कौतुकानं हसले. अप्पांनी वीणेची तार छेडत मान किंचित हलवली, जसं मोठेपण नको असलेला माणूस हलवतो.

प्रेरणा उठली.

कीर्तनाच्या जागी आडवं बोलू नये हे तिला बाराखडीआधी शिकवलेलं होतं. पण हरिनामाच्या आडोशाला एका माणसाची भाकरी कापायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. गजराचा शेवटचा ताल पडला, टाळ थांबले, आणि त्या थांबलेल्या जागेत ती सरळ चालत पुढं गेली. वीणेसमोर पोचल्यावर तिनं वाकून अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. वीणेपुढं तसंच जायचं असतं. अप्पांचे पाय, म्हणून तिच्या कपाळाला चटका बसला. वीणेखालचे पाय, म्हणून तिनं तो सोसला.

उठून उभी राहिली ती तिथंच.

"अप्पा, लाईट गेली. पंखे थांबले. कर्णा कशावर चाललाय?"

तिचा आवाज माईकनं उचलला आणि साऱ्या पालीत फिरवला.

अप्पा गोंधळले, पण प्रश्न सोयीचा होता. "आपल्या संघाच्या बॅटरीवर, ताई. म्हनलं, अखंड नाव हाय तर अखंडच ऱ्हावं. देवाच्या कामाला संघाचं येवढं लागलं तर बिगडलं काय?"

लोकांनी माना डोलावल्या.

"मग कॉम्प्युटर कशावर चालायचा?"

अप्पांची बोटं तारेवर थांबली.

"ती बॅटरी दोन माणसांच्या अंघोळीचं पाणी होती, अप्पा. त्यात तुम्ही म्हैस धुतलीत. सोमवारी लाईट गेली तेव्हा मशीनला हंडा रिकामा. नोंदी तिथं गेल्या. अजहरनं बटणाला हात लावला नव्हता."

मंडपात कुजबुज झाली. फुलाबाईचा आवाज स्पष्ट आला, "म्हंजी आमचं दूध कर्न्यानं पेलं म्हना की." दोघीतिघी हसल्या.

"पोरी," अप्पा हळू आवाजात म्हणाले, पण माईकला हळू कळत नाही, "ही काय जागा हाय का हे बोलायची? ऑफिसात ये. बसून बोलू."

"ऑफिसात तुम्ही मला खुर्ची देता, चहा देता आणि सहीची जागा दाखवता. मला एकच विचारायचंय. अजहरनं तुम्हाला वायर जोडायच्या आधी नको म्हटलं होतं का नाही?"

अप्पांनी चिमाजीबाबांकडं बघितलं आणि मानेनं खूण केली. पहारा संपला होता, या, घ्या.

चिमाजीबाबा समोर आले. हात जोडले. आणि वाकले नाहीत.

"घ्या की, बाबा," अप्पा म्हणाले. "बुवांचा खोळंबा व्हतोय."

"घेतो," चिमाजीबाबा म्हणाले. "पोरीनं काय तरी इचारलंय, तेवढं सांगून टाका. मंग पाया पडतो."

"बाबा, ही येळ हाय का?"

"येळ तुमचीच हाय, अप्पा. वीना तुमच्या गळ्यात हाय." बाबांच्या आवाजात तसूभर राग नव्हता, आणि म्हणून तो प्रेरणाच्या रागापेक्षा जड होता. "ही वीना म्या पन्नास सप्त्यात गळ्यात घेतली. तिच्या खाली उभं ऱ्हाऊन मानूस गप ऱ्हाऊ शकतो, चुकीचं गाऊ शकतो. पन इचारल्यावर खोटं बोलला आन् तीच म्या घेतली, तर ते वझं माझ्याच्यानं हुनार न्हाई."

अप्पांनी बाजूला बघितलं. त्यांचा भाचा टाळकऱ्यांत होता, तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. वायरमन मंडपाच्या खांबाआड सरकला. कुणी पुढं येईना. वीणा ठेवता येत नव्हती, देता येत नव्हती, आणि ती गळ्यात घेऊन मंडपाबाहेर जाता येत नव्हतं. सकाळपासून उभ्या माणसाच्या मानेवर घामाची धार आली.

कीर्तनकार बुवांनी डोळे उघडले. "माझी घाई नाही," ते म्हणाले. "देवाची तर त्याहून नाही." आणि पुन्हा मिटून घेतले.

प्रेरणा अप्पांच्या तोंडाकडं बघत उभी होती. तिला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, एवढा चांगला मंडप घालणारा माणूस, एवढ्या लोकांसमोर. पण तिच्या डोळ्यासमोर पायरीवर बसलेला अजहर होता, विजारीची धूळ झटकणारा.

"म्हनला व्हता," अप्पा म्हणाले.

माईकनं तेही उचललं.

"काय म्हणाला होता?"

"बॅटरीला झेपायचं न्हाई म्हनला व्हता." अप्पांनी वीणा सावरली. "मलाच वाटलं, हा कोन मला सांगनारा. मशीन गेल्यावर संघात काय तोंड दाखवायचं म्हनून त्याचं नाव कळवलं. पत्र मागं घ्यायला सांगतो. झालं?"

"झालं का ते मला नका विचारू," प्रेरणा म्हणाली.

चिमाजीबाबा वाकले. त्यांनी अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं, नेहमी ठेवतात तेवढाच वेळ, कमी नाही की जास्त नाही. उठले. अप्पांनी वीणा काढून त्यांच्या गळ्यात घातली, आणि रीतीप्रमाणं अप्पाही त्यांच्या पाया पडले. उठताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

प्रेरणा बुवांकडं वळली. "महाराज, माफ करा. मला आता ती वायर काढावी लागेल. बॅटऱ्या फुगल्यात, आणखी ओढलं तर फुटतील. कर्णा बंद पडेल."

"काढा की," बुवा उठून उपरणं सावरत म्हणाले. "माझ्या गळ्याला अजून भारनियमन लागलेलं नाही."

लोक मोकळं हसले. ती हसली नाही. केंद्रात जाऊन तिनं पिवळी वायर उपटली. भिंतीपलीकडं कर्णा एकदा खरखरला आणि मेला. मग बुवांचा उघडा आवाज, त्यामागं टाळ, त्यामागं पखवाज. मार्गासनीपर्यंत जाणार नव्हता तो. देवळाच्या भिंतीपर्यंत नीट येत होता, आणि भिंतीअलीकडं अजहर पेचकस हातात घेऊन तो ऐकत उभा होता.

"ऐकत काय बसलायस," प्रेरणा म्हणाली. "जाळी शिव ती. उंदीर आत येतील."

दुपारी लाईट आली. काला वाटून झाला होता. दोघांनी मिळून मशीनमधल्या मोडक्या नोंदी काढून टाकल्या आणि भोरहून आणलेली जुनी नक्कल चढवली. सोमवारपर्यंतच्या गेलेल्या नोंदी घराघरातल्या पावत्यांवरून पुन्हा भराव्या लागणार होत्या. खिडकीशी पहिली फुलाबाई आली, पदराच्या गाठीतून चुरगळलेल्या पावत्या सोडत. तिच्यामागं आणखी बाया.

"हे घे रं पोरा," ती अजहरला म्हणाली. "कालपत्तूर तुला लई बोलले म्या. आता काय बोलू, पावती वाच."

"मावशी, या दिवशी म्हशीला तहान लागली होती वाटतं," पावती बघत अजहर म्हणाला.

"गप मुडद्या," फुलाबाई म्हणाली, आणि मागची रांग खिदळली. मग तिनं पळसाच्या द्रोणात आणलेला काला प्रेरणापुढं ठेवला. "ह्यो तुमच्या दोघांचा. अप्पांनी धाडलाय. निरोप दिलाय, झालं गेलं मनात ठेवू नये म्हनून."

प्रेरणानं द्रोण कपाळाला लावला. निम्मा अजहरच्या हातावर ठेवला, निम्मा खाल्ला. दही, लाह्या, डाळ, आणि जिभेवर एक लोणच्याची फोड. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून खाल्ला होता तसाच. घास गिळताना तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

"काला घेतला, मावशी. तो देवाचा आहे," ती म्हणाली. "निरोप परत न्या. मनात ठेवायचं का नाही ते अप्पांनी याला येऊन विचारावं. भिंत एकच आहे, लांब नाही."

फुलाबाईनं दोघांकडं बघितलं, आणि रिकामा द्रोण उचलून निघून गेली.

अप्पा आले नाहीत. रांग सरत आली, टँकर भरून गेनूनं हॉर्न दिला, तरी आले नाहीत. उद्याच्या बैठकीत आता कदाचित दुसरंच एखादं पत्र निघेल, हे प्रेरणाला कळत होतं. काल्याच्या मंडपात संचालकाला उभं धरणारी बाई कुठल्या संघाला हवी असते?

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि अजहरच्या टेबलावर पसरला. खोडरबर मागितलं. पेन्सिलीची फुली आधी नीट पुसली. मग तिथं शाईनं लिहिलं: यंत्र बंद पडण्याचे कारण, संचालकांनी केंद्राच्या बॅटरीवर जोडलेला कर्णा. ऑपरेटरने आधीच हरकत घेतली होती. शिफारस नाही.

"मॅडम, अप्पा म्हणले ना पत्र मागं घेतो," अजहर म्हणाला. "मग कशाला लिहिता?"

"ते गळ्यात वीणा असताना म्हणाले," प्रेरणा म्हणाली. "बैठकीत ती नसते."

तिनं सही केली, तारीख घातली, आणि बाहेर हॉर्न देणाऱ्या गेनूला थांब म्हणून हात केला.